जावईबापूंनी थेंब थांबवला

कासारदरी गावाला एक भोळा जावई मिळाला होता. नाव रंगनाथ. मनाने अगदी निर्मळ. सांगाल ते ऐकायचा आणि ऐकलेलं कधीच विसरायचा नाही. सगळी अडचण तिथेच होती.

त्यात कासारदरीची रीत अशी, की जावयावर कोणी रागवायचं नाही. त्याला कशाला नाही म्हणायचं नाही. आणि ‘परत कधी जाणार?’ हे तर चुकूनसुद्धा विचारायचं नाही.

लग्नानंतर रंगनाथ पहिल्यांदाच बायकोला, म्हणजे शेवंताला घेऊन सासरी आला. सासऱ्यांना सगळे तात्या म्हणत. त्यांच्या ओसरीवर काचेची मोठी टाकी होती आणि तीत चंपा नावाची एकच केशरी मासोळी. तात्यांचा तिच्यावर भारी जीव.

दारातच शेवंताने नवऱ्याला बजावलं, “अहो, त्या टाकीपासून लांब राहा. चंपाला काही झालं, तर तात्या मला पुन्हा या घराची पायरी चढू द्यायचे नाहीत.”

“लांब राहतो,” रंगनाथ म्हणाला आणि ओसरीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. तिथून त्याला टाकीचा तळ नीट दिसला. नळी जोडलेला प्लास्टिकचा नट गळत होता. टप. टप.

“तात्या, गळतंय.”

“हो, जरा आवळायला हवा.”

“मी आवळतो.”

तात्यांनी एकदा चंपाकडे बघितलं. पण जावयाला नाही कसं म्हणायचं? त्यांनी पाना दिला आणि सांगितलं, “थेंब दिसला की आवळायचं. थांबेपर्यंत.”

रंगनाथने आवळलं. थेंब थांबेना. आणखी आवळलं. थेंब थांबेना. मग त्याने टाकीला पाय लावला, दात-ओठ खाल्ले आणि आवळलं. कट्! नट फुटला.

“तात्या, थेंब थांबला,” रंगनाथ म्हणाला.

खरंच थांबला होता. आता धार लागली होती.

तात्यांनी धावत जाऊन भोकात अंगठा घातला. राग गिळून ते म्हणाले, “जावईबापू, नाजूक वस्तूला हलक्या हाताने धरावं.”

“असं होय! आता ध्यानात ठेवतो.”

“आता आधी चंपाला बादलीत काढा!”

चंपा तर नटाहून नाजूक. रंगनाथने तिला दोन बोटांवर अलगद उचललं. चंपाने एक गिरकी घेतली आणि सासूबाई पोहे निवडत बसल्या होत्या, त्यांच्या परातीत जाऊन पडली. सासूबाईंनी तिला पोह्यांसकट उचललं आणि बादलीत सोडलं. मग पदराने कपाळ पुसून त्या गोड आवाजात म्हणाल्या, “जावईबापू, जिता जीव दोन्ही हातांनी गच्च धरावा. सुटला की गेला.”

“असं होय! आता ध्यानात ठेवतो.”

तात्यांचा अंगठा भोकात, म्हणून नवा नट आणायला रंगनाथच निघाला. गावात सुदामचं दुकान होतं. तिथे नळाचं सामानही मिळे आणि सायकलचं पंक्चरही निघे. गावचा जावई आला म्हणून सुदामने हात पुढे केला. रंगनाथने तो दोन्ही हातांनी गच्च धरला. सुदाम चांगला जिवंत होता.

“काय देऊ?”

“नट द्या.”

“हात सोडा, देतो.”

“कसा सोडू? सुटला की गेला.”

“मी कुठं जातोय? दुकान माझंच हाय!”

रंगनाथ सोडेना. शेवटी सुदामने डाव्या हाताने नट काढून दिला आणि युक्ती केली. “ते घमेलं बघा जावईबापू! पाण्यात ट्यूब बुडवलीय. बुडबुडे आले तिथं भोक. पुसायचं, कोरडं करायचं आणि ठिगळ लावायचं.” बघता बघता रंगनाथचे हात सैल झाले. सुदाम सुटला. त्या आनंदात त्याने एक ठिगळ फुकट दिलं.

“असं होय!” म्हणत रंगनाथ घरी आला. तात्यांचा अंगठा तोवर मनुकेसारखा झाला होता. नवा नट त्यांनी जावयाला पाहूसुद्धा दिला नाही. स्वतः बसवला, टाकी भरली, चंपाला आत सोडलं. एक थेंब गळेना. शेवंताला हायसं वाटलं आणि ती चहा करायला आत गेली.

रंगनाथ टाकीत बघत होता. चंपाने तोंड उघडलं आणि बुडबुडे आले.

“तात्या, नट चांगला होता! चंपाच गळतेय!”

तात्या उठेपर्यंत त्याने चंपाला दोन्ही हातांनी गच्च धरून बाहेर काढलं, उपरण्याने कोरडं पुसलं आणि खिशातलं ठिगळ शोधायला लागला. शेवंता किंचाळत धावली. तिने चंपाला हिसकावून पाण्यात टाकलं.

चंपा हलेना. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग एक बुडबुडा आला. मग दुसरा. चंपा वळवळली आणि पोहायला लागली.

शेवंता रडत म्हणाली, “अहो, बुडबुडे आले म्हणजे जीव आहे! नाही आले तर सगळं संपलं!”

“असं होय! आता ध्यानात ठेवतो.”

तात्यांच्या अंगातलं त्राणच गेलं होतं. टाकीजवळच्या खुर्चीत त्यांनी अंग टाकलं आणि डोळे मिटले. रंगनाथ त्यांच्याकडे बघत बसला. बराच वेळ बघितलं. एक बुडबुडा येईना.

“तात्या?”

तात्या जागे होते. पण जावयाला उत्तर द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

रंगनाथ घाबरून उठला. सासऱ्यांवर त्याची मनापासून माया होती. बुडबुडे दिसतात ते पाण्यात, हे त्याला आठवलं. त्याने तात्यांची मान दोन्ही हातांनी गच्च धरली आणि डोकं टाकीत बुडवलं.

बुडबुडे आले. एवढे आले की चंपा कोपऱ्यात जाऊन लपली.

“शेवंता, ये लवकर!” रंगनाथ आनंदाने ओरडला. “तात्यांमध्ये जीव आहे!”

तात्यांनी डोकं बाहेर काढलं. आधी चंपाकडे बघितलं. ती ठीक होती. मग कासारदरीत आजवर कोणी विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं.

“शेवंताला राहू दे हवं तेवढं. जावईबापू, तुमची एसटी किती वाजता आहे?”

शेवंताने तोंडावर पदर घेतला. पण रंगनाथने काही ऐकलंच नाही. तो तात्यांच्या नाकाकडे बघत होता. टप. टप.

“हलू नका तात्या,” तो म्हणाला आणि त्याने पाना उचलला. “थेंब दिसतोय.”