पितळी रेणूतला लाल दोरा

“बघा, एकही भगदाड नाही. ठेवलं तर लोक हसतील, बाई.”

हेरंबने लॅपटॉप अनसूयाबाईंच्या पुढ्यात सरकवला. पडद्यावर एक प्रथिन फिरत होतं. निळी-हिरवी फीत, कुठे खंड नाही. असे रेणू दाखवणारा हा प्रोग्रॅम त्याने एकट्याने लिहिला होता. चारशे प्रयोगशाळा तो वापरतात, हे त्याने दारात बूट काढता काढताच सांगून टाकलं होतं.

बाईंनी चष्मा पुसला. कॉलेजमागच्या या शेडमध्ये त्यांनी चाळीस वर्षं पितळी तारांचे रेणू बांधले. डिग्री नाही. डिग्रीवाले मात्र त्यांच्यापुढे स्टूल ओढून बसायचे. हेरंबही त्यातलाच.

“देखणं आहे,” बाई म्हणाल्या. “यात न दिसलेलं कुठंय?”

“न दिसलेलं?”

“रेणूचा जो भाग सारखा हलतो, तो क्ष-किरणांना सापडत नाही. हे मीच शिकवलंय तुला. तो भाग कुठंय?”

हेरंबचं बोट पडद्यावर जरा भटकलं. मग थांबलं.

“इथे. प्रोग्रॅम दोन टोकं आपणच जोडून घेतो. गुळगुळीत.”

“वेगळ्या रंगात?”

“…त्याच.”

टेबलावर त्याचा फोन थरथरला. शेजारी बाईंचा एक पितळी रेणू उभा होता. त्याच्या तारा किणकिणू लागल्या. फोन थांबला, तरी त्या किणकिणत राहिल्या.

“कोण आहे?”

“रोशनमॅडम. नागपूरच्या प्रयोगशाळेतल्या. सकाळपासून सातव्यांदा.” त्याने घसा खाकरला. “त्यांनी औषधाचा रेणू इथेच बसवलाय. या वळणात. आठ महिने खपल्यात त्यावर. सोमवारी उंदरांना टोचणार. विचारतात, औषध बसतं ती खोबण नक्की आहे ना…”

“आहे?”

हेरंबने लॅपटॉप अर्धवट मिटला.

“नव्या आवृत्तीत दुरुस्त करतो की मी, बाई. गुपचूप. कुणाला पत्ता लागणार नाही.”

“सोमवारच्या आत?”

“…पुढच्या महिन्यात.”

बाई उठल्या. पितळी रेणूत एका जागी तार संपत होती आणि चार बोटं सोडून पुन्हा सुरू होत होती. मधे नुसता लाल दोरा लोंबत होता. शिकत असल्यापासून हेरंबला वाटायचं, म्हातारीची तार कमी पडली असेल.

बाईंनी त्याच्या हातात पक्कड दिली. तारेचं भेंडोळं दिलं.

“जोड.”

त्याने तार कापली. एका टोकाला लावली… आणि थबकला.

“कशी वळवू? आतून की बाहेरून?”

“मला काय माहीत! म्हणून तर तिथे दोरा.”

“मग जोडू कसं?”

“तुझ्या प्रोग्रॅमला कुणी सांगितलं?”

फोन पुन्हा थरथरला. तारा किणकिणल्या. हेरंबने तार सोडून दिली.

“त्या फाडून खातील मला. सगळेच माझा प्रोग्रॅम काढून टाकतील, बाई. दहा वर्षं घातलीत मी. माझं नाव…”

बाईंनी फोन उचलला, हिरवं बटण दाबलं आणि त्याच्या तोंडापुढे धरला.

“हॅलो? हेरंब? अरे, किती वेळा करायचा फोन? मी इथे…”

हेरंबचा मोकळा हात चाळा करत लाल दोऱ्यावर गेला. दोरा बोटाला गुंडाळला गेला, ताणला गेला. दोन टोकांमध्ये तो आता तारेसारखा सरळ दिसत होता.

“मॅडम, ती खोबण… म्हणजे तसं पाहिलं तर… बहुतेक…”

बाईंनी त्याच्या बोटावर आपला हात ठेवला.

“ओढू नकोस,” त्या म्हणाल्या. “सैल राहू दे.”