राजकन्येला बर्फाची सुट्टी

एक होती राजकन्या. नाव रत्नप्रभा. स्वभाव मात्र असा जळका, की दुसऱ्याला शिंक आली तरी हिला वाटायचं, मला का नाही आली? ए, पाय आत घे रे, आणि ऐक.

तिचं राज्य उंच डोंगरात. थंडीत तिथं बर्फ पडायचा. बर्फानं वाट बुजली की शाळेला सुट्टी. मग गावातली पोरं दिवसभर बर्फात लोळायची. राजकन्येला मात्र सुट्टी नाही बरं का! तिचे गुरुजी राजवाड्यातच राहायचे. त्यांची वाट कशी बुजणार? ते आपले सकाळी हजर. ही पाढे म्हणायची, पण डोळे खिडकीबाहेर. खाली पोरं हसली, की हिच्या पोटात दुखायचं.

एकदा काय झालं, खूप बर्फ पडला. हिनं शिपायांना हुकूम सोडला, "वाट मोकळी करा!" वाट मोकळी झाली, शाळा भरली. पोरं तोंडं पाडून शाळेत गेली. हिला बरं वाटलं. पण पाढे काही सुटले नाहीत.

मग परत बर्फ पडला. आता म्हणाली, "गावातला सगळा बर्फ उचला, माझ्या अंगणात आणून ओता!" गुरुजींना दुपारी डुलकी लागली, तशी ही अंगणात पळाली. शिपायाला एक गोळा मारला. शिपाई म्हणाला, "वा बाईसाहेब, काय नेम!" दुसरा मारला. "वा बाईसाहेब!" मेला एक गोळा परत मारेल तर शपथ! आणि तिकडे पोरं उरलेल्या चिखलात घसरून घसरून हसत होती. रत्नप्रभा ढसाढसा रडली. "एवढा बर्फ माझ्याकडे, आणि मजा त्यांच्याकडे कशी?"

मग तिसऱ्यांदा बर्फ पडला. आता हिचा असा जळफळाट झाला, की पाटी टाकून तरातरा गावात गेली. "बंद करा हसणं!" म्हणायला तोंड उघडलं, आणि थप्प! गोळा थेट नाकावर.

सगळी पोरं एकमेकांच्या मागं दडली.

"कुणी मारला?"

कुंभाराची भिमी पुढं आली. एवढीशी पोर, नाक गळतंय. "मी मारला. पण तू मधे कशाला आलीस?"

रत्नप्रभेला आजवर कुणी काही मारलंच नव्हतं हो. तिनं नाक पुसलं, वाकून गोळा केला, आणि भिमीच्या पाठीत हाणला. भिमीनं दुसरा हाणला. मग काय विचारता! दिवेलागणीपर्यंत नुसता धुडगूस.

घरी आल्यावर राजानं विचारलं, "आज काय शिकलीस?"

"मार खायला, आबासाहेब. आणि परत द्यायला."

राजा पोट धरून हसला. त्यानं दवंडी पिटवली, की बर्फ पडला की राजवाड्यातही सुट्टी. गुरुजींनासुद्धा!

आणि हेवा? तो कुठला जातोय! भिमीचा गोळा आपल्यापेक्षा मोठा होतो, म्हणून रत्नप्रभा अजून धुसफुसते. पण धुसफुसते ती भिमीच्या शेजारी बसून.

झालं. ती सगळी तिकडे सुखात आहेत, आता मलाही जरा सुखानं पडू द्या. मिटा डोळे.