गेनूचं सिनेमाचं मशीन

एका गावात एक भोळा शिपाई होता. गेनू त्याचं नाव. शाळेत घंटा द्यायचा, पाणी भरायचा. सांगितलेला शब्द खाली पडू द्यायचा नाही.

एकदा काय झालं, तालुक्याच्या साहेबांनी शाळेला सिनेमाचं मशीन धाडलं. विज्ञानाचे सिनेमे. निरोप असा की पोरांना दाखवा, गावालाही दाखवा. मी येऊन बघेन. नीट चाललं तर मशीन तुमचं, नाहीतर पलीकडच्या गावाचं.

मालनबाई शिकवायच्या. त्यांनी मशीन गेनूच्या हाती दिलं.

पहिला सिनेमा पोरांना, चांदण्यांचा. पोरांना उकडू नये म्हणून गेनूनं भर दुपारी खिडक्या सताड उघडल्या. पडदा पांढराफटक. एक चांदणी दिसेना.

बाई म्हणाल्या, "गेनू, उजेड जिथून येतो ते आधी झाकायचं."

"झाकतो बाई."

दुसरा सिनेमा गावातल्या बायांना, मधमाशांचा. गेनूनं खिडक्या झाकल्या, दार झाकलं. बघतो तर मशीनमधूनच भसाभसा उजेड. टाकली त्यावर घोंगडी. बाया अंधारात नुसती गुणगुण ऐकत बसल्या. "गेनू, दिसंना रे," म्हणून ओरडल्या. गेनू ढिम्म.

त्यातली सरूआत्या म्हणाली, "माशी चावली तर कळायचं पण नाही बाई, कुठनं आली ते."

बाई म्हणाल्या, "गेनू, मशीन झाकू नये. आणि कुणी अडचणीत असलं की ढिम्म बसू नये, उठून धावावं."

"धावतो बाई."

तिसरा सिनेमा म्हाताऱ्यांना, बेडकाचा. पडद्यावर बेडूक पुढं, साप मागं. गेनूनं काठी उचलली, धावला आणि दिली सापाला ठेवून. पडद्याला हे एवढं भगदाड.

"गेला का रे साप?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"गेला. त्या भोकातनं गेला."

बाईंनी कपाळ धरलं. "गेनू, पडद्यावर दिसतं ते नुसतं चित्र. ते बोलू दे, काही करू दे, आपण जागचं हलायचं नाही."

"नाही हलत बाई."

मग साहेब यायचा दिवस उजाडला. बाईंनी भोक शिवलं, गेनूला सिनेमा लावायला सांगितला आणि त्या साहेबांसाठी पोहे करायला मागच्या पडवीत गेल्या.

साहेब उशिरा आले. अंधारात गुपचूप मागं बसले. सिनेमा बघून खूश झाले. संपल्यावर उठून पडद्यापुढं उभे राहिले. मशीनचा उजेड तोंडावर.

"मशीन कोण चालवतं? या, पुढं या. हे मशीन आता तुमचं."

गेनू हलेना.

"गेनूकाका, जा की," पोरं म्हणाली.

"गप बसा रे. चित्र आहे."

साहेबांनी हात पुढं केला. "नको आहे का तुम्हाला?"

गेनू हूं की चूं करीना. साहेब रागावले. तरातरा आले, मशीन उचललं, जीपमध्ये घातलं आणि पलीकडच्या गावाला निघून गेले.

बाई पोह्यांची ताटली घेऊन धावत आल्या. "गेनू, मशीन कुठाय?"

"चित्रानं नेलं बाई. काय ते चित्र! माझ्यापुढनं उचलून नेलं, पण मी जागचा हललो नाही."

बाई मटकन खाली बसल्या.

गेनू म्हणाला, "बसू नका बाई. ते पोहे झाकून ठेवा. साहेब अजून यायचेत."