वाळूखालची भिंत

‘या मुलखात पाणीच नाही’ असं कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं, आणि म्हणताना त्यानं साधं खाली वाकूनही बघितलं नाही. उभ्या उभ्या नदीकडं नजर टाकली, वाळू दिसली, निकाल देऊन टाकला. मागून आलेल्यांनी तो निकाल तसाच पुढं चालवला. आजही चालवतात. त्यांना सांगायची म्हणून ही हौसाक्काची गोष्ट, बाकीच्यांनीही ऐकावी.

फार मागं, करंजमाळ गावात हौसा नावाची कुंभारीण राहायची. गावाला लागून नदी होती, पण पावसाळ्यापुरती. फाल्गुनात वाळूत खणलेले झरेही आटायचे, आणि गाव गुरं घेऊन लांबच्या बारमाही नदीकडं निघायचं. ज्यांना चालवत नसे त्यांच्या उशाशी पाण्याचा रांजण भरून ठेवायचे आणि मागं न बघता जायचे. तशी रीतच होती. पावसाळ्यात गाव परतायचं, तेव्हा काही रांजणांत पाणी तसंच उरलेलं असायचं.

एका दसऱ्याला हौसाची सासू घसरून पडली, कंबर मोडली. तिला धड बसता येईना, मग गाढवावर घालून नेणार कशी?

म्हातारी म्हणाली, “हौसे, माझा रांजण जरा मोठा घडव. मला तहान लई लागते.”

“आत्ती, गप पडा,” हौसा म्हणाली. रांजण तिनं घडवायला घेतलाच नाही.

तिच्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. तिची गाढवं गाव निघायच्या दिवसांत नदीत एकाच जागी खुरांनी वाळू उकरायची, आणि तिथं ओल लागायची. हे सगळ्या गावानं बघितलं होतं. तिथंच का, असं मात्र कुणी विचारलं नव्हतं. हौसानं तिथं खणलं. खाली कातळाचा एक आडवा कणा लागला. तो निम्म्या पात्रातच संपत होता. पाणी त्याच्यामागं थांबत होतं आणि उरलेल्या निम्म्यातून निसटत होतं.

घरी येऊन तिनं काथवटीत वाळू भरली, काथवट तिरकी केली, पाणी ओतलं. पाणी निघून गेलं. मग वाळूत मातीचा आडवा बांध घातला. पाणी अडलं. म्हातारी पडल्या पडल्या बघत होती. “भाकरी थापायच्या भांड्यात नदी थापतीया माझी सून,” ती म्हणाली.

मग हौसानं चूक केली, आणि ती कुंभारणीनंच करावी अशी. कच्चं भांडं पाणी धरत नाही, हे तिच्या हाडामांसात भिनलेलं. म्हणून तिनं भट्टीत जाड फरशा भाजल्या आणि कातळाच्या टोकापासून काठापर्यंत चर खणून उभ्या केल्या. दिवाळी सरली तरी वाळूतलं पाणी उतरतच राहिलं. गाव हसलं. गावचा म्होरक्या येसबा म्हणाला, “भित बांधायची तर दिसंल अशी तरी बांधावी!”

हौसा उंबऱ्यात डोकं धरून बसली. म्हातारी वैतागून म्हणाली, “अगं, भाजलेला माठ पाझरतो म्हणून तर पाणी गार होतं! तू नदीला माठ केलास.”

हौसा उठलीच. आटत आलेल्या तळ्यातली काळी चिकण माती आणून भिजवली, चरात थर टाकले, गाढवांना त्यावरून फिरवलं. माती न भाजताच कातळापर्यंत घट्ट बसवली. असं म्हणतात, की आजूबाजूच्या गावांतली गाढवं दावी तोडून आली आणि आपण होऊन माती तुडवत राहिली.

फाल्गुनात गाव निघालं. हौसा थांबली. “दोघी मरशीला,” येसबा म्हणाला, आणि त्यानं मान फिरवली.

चैत्रात वारा तापला. घरातलं पाणी संपलं. हौसानं भिंतीच्या वरच्या अंगाला वाळू उपसायला घेतली. एक हात खोल गेलं, कोरडं. आणखी एक हात गेला, कोरडंच. मग तिची बोटं गार पडली. असं म्हणतात, की पाणी तिच्या मनगटापर्यंत आपण होऊन चढलं, आणि पहिली ओंजळ घेऊन ती घरापर्यंत धावली तरी थेंब सांडला नाही. म्हातारी प्यायली आणि लहान मुलासारखी रडली.

मग हौसानं गाढवावर भरलेल्या घागरी लादल्या आणि त्याला सोडून दिलं. असं म्हणतात, की ते एकटंच गावाच्या मागावर गेलं आणि तळ ठोकून बसलेल्या माणसांत जाऊन उभं राहिलं. येसबानं पाणी चाखलं. आपल्या नदीची चव त्यानं ओळखली. त्याची आई मागं राहिली होती. तो पहिल्यांदा वळला. त्याच्यामागं गाव वळलं.

ती भिंत आज कुणी पाहिलेली नाही. वाळू उपसून ती उघडी करायची नाही, हा नेम आहे. पण गाव जायला निघायचं त्या दिवशी अजूनही सगळे नदीत उतरतात. गावातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला बाजेवर घालून पुढं नेतात, नवी जागा ठरवून झरा खणतात, आणि पहिलं पाणी त्यालाच देतात. झऱ्याला हौसाक्काचा झरा म्हणतात.

यंदा तो मान गजराबाईंचा होता. त्यांनी वाटी रिकामी केली. सगळे आता जयजयकार करायचा म्हणून थांबले होते. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, खड्ड्यात डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, “ग्वाड हाय. पण गेल्या साली हेच पाणी वर लागलं हुतं. खाली का गेलं, ते बघा आदी.”