हैबतीचं वेतन आणि शिरपाचं रान

खिंडीच्या अलीकडे, लोणवडी नावाच्या गावात हैबती नावाचा एक म्हातारा शेतकरी राहत होता. रान काळंभोर, विहिरीला बारमाही पाणी. पण अर्धं रान पडीक! हैबतीचे गुडघे गेले होते, तिफण धरवत नव्हती. मुलगा शिरपा चाळिशीला आलेला, अंगाने दणकट. तरी रान बापाचं, आणि त्यात काय पेरायचं ते बापच ठरवणार.

शिरपा म्हणायचा, "आबा, वरच्या तुकड्यात हळद लावू. पाणी आहे, मी आहे."

हैबती म्हणायचा, "हळद हाती येईपर्यंत खायचं काय? गपगुमान ज्वारी पेर."

हैबतीचा मुलावर राग नव्हता. त्याला भीती होती. त्याच्या चुलत्याने हातपाय थकल्यावर सगळं रान मुलांना देऊन टाकलं होतं. मग भाकरीच्या तुकड्यासाठी तो कधी या सुनेच्या चुलीपुढे, कधी त्या सुनेच्या चुलीपुढे ताटकळत बसायचा. हैबतीने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. रान हातात आहे तोवरच ताटात भाकर आहे, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

एके दिवशी गावात दवंडी आली. ढमढम, ढमढम!

"ऐका हो ऐका! साठी उलटलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला, शेतकरणीला राजाकडून दर महिन्याला वेतन मिळणार हो! रान ठेवा नाही तर देऊन टाका, वेतन मरेपर्यंत चालू राहणार हो!"

गावात एकच गलका उडाला! म्हातारे काठ्या टाकून एकमेकांना मिठ्या मारू लागले. हैबतीची बायको ठकूबाई तर पोरीसारखी टाळ्या पिटत घरात आली. हैबती मात्र म्हणाला, "बोलायला काय जातंय राजाचं? हातात पडेल तेव्हा खरं."

आणि पडलं की हातात! पहिल्या महिन्यात ठकूबाईला नवं लुगडं आलं. दुसऱ्या महिन्यात नातवंडांना गुडदाणी. पावसाळ्यात ओढे फुगले, वाटा वाहून गेल्या. आता कसलं वेतन, असं हैबती म्हणतोय तोच राजाचा स्वार कमरेपर्यंत चिखलात माखून दारात उभा! त्या दिवशी हैबतीची भीती गेली. पण मूठ मात्र सवयीने मिटलेलीच राहिली.

उन्हाळा लागला. शिरपाने पुन्हा हळदीचं नाव काढलं. हैबतीच्या तोंडून पुन्हा तेच निघालं, "ज्वारी पेर."

शिरपाने मान खाली घातली. "आबा, या वयात मी तुमच्याकडे पसाभर बियाणं मागतो. माझी पोरं बघतात. आम्ही खिंडीपलीकडे गुऱ्हाळावर कामाला जातो. तुमचं आता भागतंय, तेवढा घोर नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिरपा बायकोपोरांना घेऊन चालू लागला.

त्यांची पाठ दिसेनाशी झाली न झाली, तोच गावचा बडा बागायतदार दौलतराव दारात हजर! "हैबती, झकास झालं की! पोरगा गेला, वेतन चालू आहे. तुला आता कुणाची गरज नाही. रान मला विक. सोन्याने ओंजळ भरतो तुझी!"

हैबती त्याच्याकडे बघतच राहिला. मग एकदम ताडकन उठला. गुडघे कुरकुरले, पण उठला!

"खरं बोललास दौलतराव! भाकरीसाठी मला कुणाची गरज नाही. मग मी रान कुणासाठी धरून बसलोय? ठके, गाडी जुंप!"

ठकूबाईने बैल जुंपले. कासराही तिनेच धरला. गाडी निघाली ती वाऱ्यासारखी! धूळ उडाली, कोंबड्या फडफडल्या, माणसं ओट्यांवर आली. कुणी ओरडलं, "अरे, म्हातारा-म्हातारी शर्यतीला निघाली की काय!" गावाच्या सांदीकोपऱ्यातली सगळी पोरं गाडीमागे धावत सुटली.

खिंड समोर दिसू लागली. चढावर चार माणसं, डोक्यावर बोचकी. आता वळणाआड जाणार!

"शिरपाऽऽ! थांब रे!" हैबती गाडीत उभा राहून ओरडला.

शिरपा थबकला. बापाला काही झालं की काय, म्हणून बोचकं टाकून तो उतारावर धावत सुटला. "आबा! काय झालं? बरं आहे ना?"

"रान तुझं!" हैबती धापा टाकत म्हणाला. "हळद लाव, ऊस लाव, काय हवं ते लाव! आज पंचांपुढे सांगतो, रान तुझं!"

शिरपा गडबडून गेला. "आणि तुम्ही काय खाणार?"

"मला राजा देतोय खायला! तू फक्त पेर!"

ठकूबाई कासरा सोडून खाली उतरली आणि सुनेच्या डोक्यावरचं बोचकं तिने स्वतःच गाडीत टाकलं. त्याच दिवशी पंचांसमोर हैबतीने रान मुलाच्या नावे केलं. दौलतराव आला तसा परत गेला.

मग काय विचारता! पडीक तुकडा नांगरला गेला. वरच्या रानात हळद उभी राहिली, छातीइतकी उंच, हिरवीगार. हैबती बांधावर बसून बघायचा आणि विचारलं तरच सल्ला द्यायचा. ते त्याला फार जड गेलं, पण जमलं. गावातल्या इतर म्हाताऱ्यांनीही मुली-मुलांच्या हाती रानं सोपवली. ज्यांना मूलबाळ नव्हतं, त्यांनी राबणाऱ्या तरुणांना वाट्याने दिली. लोणवडीत त्या साली पडीक तुकडा शोधून सापडेना.

हळद निघाली. शिरपाने पहिली पाटी आणून बापाच्या पायाशी ठेवली. वर लोकरीचं नवं घोंगडं.

"अरे, मला कशाला? माझं मला मिळतंय की," हैबती म्हणाला.

"ते माहीत आहे आबा," शिरपा हसला. "तुम्हाला लागतं म्हणून नाही आणलं. मला द्यावंसं वाटलं म्हणून आणलं."

हैबतीने घोंगडं ऐन उन्हात खांद्यावर घेतलं आणि सगळ्या गावाला दाखवत फिरला.

तात्पर्य: म्हातारपणाच्या भाकरीची धास्ती मिटली, की जमीन राबणाऱ्या हाती वेळेवर जाते आणि नात्यातला व्यवहार जाऊन माया उरते.