माळावरची काकू

त्या राज्यात फक्त साळिंदरे राहत आणि तिथे रात्रीचे दोन भाग होते. पहिला भाग पोटाचा. त्यात सगळ्यांनी मुळे उकरायची, पडलेली फळे शोधायची, पिल्लांना खाऊ घालायचे. दुसरा भाग सुरू झाला की राज्यच दोन भागांत वाटले जाई. तरुण साळिंदरे कोरडा ओढा ओलांडून वरच्या माळावर नाचायला जात आणि बाकीची बिळात परतून, उद्या काय उकरायचे याच्या गप्पा मारत पडून राहत. नाचणे कोणत्या वयात थांबवायचे याचा कायदा कुठेच नव्हता. पण पिल्ले झालेले साळिंदर पुन्हा माळावर गेल्याचे कोणी पाहिले नव्हते, आणि कायदाच नसल्यामुळे तो मोडायचा कसा हेही कुणाला माहीत नव्हते.

माळाच्या कडेने मोहाची झाडे होती. फुलांच्या दिवसांत त्यांच्याखाली सडा पडे. ती फुले दोन-चार खाल्ली की पाय हलके होत आणि जीभ सैल. वाद्य लागत नसे. अंग झटकले की पाठीवरचे काटे एकमेकांवर आपटून खुळखुळत, आणि सगळ्यांनी मिळून झटकले की तो आवाज थेट बिळांपर्यंत पोहोचे. बिळातली मंडळी तो ऐकून कपाळाला आठ्या घालत, आणि तरीही शेवटपर्यंत ऐकत राहत.

काट्यांबद्दल त्या राज्यात एक पक्की समजूत होती. काटा गळतो तो वयाने, तरुणाचा गळत नाही. बिळात याला मान होता. गळलेला काटा दाराशी रोवून ठेवायची पद्धत होती आणि ज्याच्या दाराशी काटे जास्त, त्याचा शब्द मोठा. माळावर मात्र गळलेल्या काट्याचे नावही कोणी काढत नसे. ही समजूत कोणी तपासून पाहिली होती का, हे विचारायची सोय नव्हती, कारण तसे विचारणाऱ्याकडेच सगळे संशयाने बघत.

अशा राज्यात अनसूया नावाची एक साळिंदरीण होती. तिची पिल्ले मोठी होऊन आपापल्या बिळांत गेली होती. नवरा मागेच गेला होता. बिळात ती आणि तिची थोरली जाऊ भागीरथी अशा दोघीच उरल्या होत्या. भागीरथीच्या दाराशी काट्यांचे कुंपणच झाले होते आणि तिच्यासमोर कोणी मोठ्याने बोलत नसे. एका रात्री जेवणखाण झाल्यावर, माळावरचा आवाज ऐकता ऐकता अनसूया उठली आणि ओढा ओलांडून वर गेली. तिने काही ठरवले नव्हते. पाय निघाले, ती त्यांच्या मागून गेली.

पहिल्या रात्री कुणाच्या लक्षात आले नाही. अंधारात सगळ्यांच्या पाठी सारख्याच दिसतात. ती रिंगणात शिरली, सुरुवातीला जपून हलली, मग सगळे अंग सोडून नाचली. घरी परतताना तिला इतके बरे वाटत होते की ओढ्यात उतरल्यावर तिने उगाचच आणखी एकदा पाठ झटकली. मग ती रोज जाऊ लागली. नाचले की बरे वाटते, एवढेच तिचे कारण होते. पण हे कारण इतके साधे होते की पुढे ते कुणालाच पटले नाही.

एका चांदण्या रात्री रिंगणात गर्दी झाली आणि मागून एक कोवळा आवाज आला, "काकू, जरा सरकता का?"

माळावर नात्याने हाक मारायची रीत नव्हती. तिथे सगळे एकमेकांना नावाने नाहीतर अरे-तुरेने बोलावत. आजूबाजूच्या पाचसात जणांनी वळून पाहिले, आणि त्यांना चांदण्यात काकू दिसली. अनसूया हसून सरकली. पण त्या रात्रीनंतर ती आली की रिंगणातली कुजबुज थांबे आणि ती गेली की पुन्हा सुरू होई.

"बिळातून पाठवलंय हिला," मुरार म्हणाला. मुरार हा माळावरच्या तरुणांचा पुढारी. त्याला कोणी निवडले नव्हते, पण शंका सगळ्यांत आधी त्यालाच येत, आणि माळावर पुढारी व्हायला तेवढे पुरत असे. "कोण कुणाबरोबर नाचतं, कोण किती फुलं खातं, सगळं जाऊन सांगत असणार."

"पण आजवर घरी कुणाला ओरडा बसलेला नाही," देवकी म्हणाली. देवकी माळावरची सर्वांत सुरेख नाचणारी. ती आणि मुरार एकाच बिळात, एकाच मोसमात जन्मले होते.

"तेच तर! किती पोचलेली आहे बघ. साठवून ठेवतेय, एकदम सांगणार."

मग अनसूया आली की पोरे मोहाची फुले पोटाखाली लपवू लागली. कोणी तिच्याजवळ नाचेना. तिच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहू लागली. तिला वाटले, आपल्याला ऐसपैस नाचता यावे म्हणून मुलांनी केले असेल, आणि ती आणखी मोकळेपणाने नाचू लागली. तिच्या या आनंदाचा तर त्यांना फारच संशय आला.

बिळातही गोष्टी ठीक नव्हत्या. पहाटे अनसूया परतली की भागीरथी झोपेचे सोंग टाकून उठे आणि तिचे तोंड हुंगे.

"कोण आहे गं तिथं?" तिने एकदा विचारलेच.

"सगळीच असतात, जाऊबाई."

"सगळी नव्हेत. एक कोण आहे?"

"कुणी नाही हो. नाचते आणि येते."

"नुसतं नाचायला कोण जातं या वयात? मला शिकवू नकोस. तुझ्याआधी मी या घरात आलेय."

भागीरथीने ते पटवून घेतले नाही. पटवून घेतले असते, तर इतकी वर्षे स्वतः तिला कोणी अडवले होते, हा प्रश्न मागे उरला असता. तिने शेजारपाजारी सांगितले की अनसूयेचे कोणीतरी माळावर आहे. शेजाऱ्यांनी कोण असेल याचे अंदाज बांधले आणि ज्याचा त्याचा अंदाज पुढे बातमी म्हणून फिरला. अनसूयेच्या थोरल्या मुलाने तिच्या बिळाकडे येणे बंद केले. याचे तिला फार वाईट वाटले. तरी रात्रीचा दुसरा भाग सुरू झाला की ती निघे, कारण आठ प्रहरांत तेवढाच वेळ तिला आपण कुणाची जाऊ नाही, कुणाची आई नाही असे वाटे.

शेवटी जे व्हायचे ते झाले. नाच ऐन रंगात असताना रिंगणाच्या मधोमध एक गळलेला काटा दिसला. खुळखुळाट थांबला. मुरारने काटा तोंडात उचलला आणि सगळ्यांना दाखवला. काटा काळा-पांढरा होता, सगळ्यांचे असतात तसाच. त्यावरून तो कुणाचा हे कळण्यासारखे नव्हते. पण सगळे एकाच दिशेला बघत होते.

"काकू, तुमचा ना हा?"

अनसूया नाही म्हणाली असती तर कोणी काही सिद्ध करू शकले नसते. तिने पाठ हलवून पाहिली. उजव्या बाजूला एक जागा रिकामी लागली.

"माझाच आहे," ती म्हणाली. "एवढं जोरात झटकल्यावर गळणारच की रे. तुमचे नाही गळत?"

"आमचे नाही गळत."

"कुणाचाच नाही?"

पहाटे माळाच्या कडेला, गवतात, काटे पडलेले असत हे खरे. पण पहाटे तिथे कोणी थांबत नसे, आणि रात्री नाचता नाचता कोणाचा पाय हळूच मागे जाऊन काय लोटून देतो हे अंधारात दिसत नसे.

"ज्याचा काटा गळला त्यानं माळावर यायचं नाही," मुरार म्हणाला. असा नियम आहे हे सगळ्यांना त्याच क्षणी कळले, आणि तो पूर्वीपासूनच होता असे सगळ्यांना त्याच क्षणी वाटले. अनसूया ओढ्याकडे निघाली. तिला रडू येत होते. चारचौघांत अपमान झाला याचे थोडे, आणि उद्या नाचायला मिळणार नाही याचे फार.

भागीरथीला मात्र आनंद झाला. जावेने इतक्या वर्षांत तिला काही आनंद दिला असेल तर तो हाच. "कुठाय काटा? आण, दाराशी रोव," ती म्हणाली. "आता चार लोकांत तुझ्या शब्दाला वजन येईल. बस माझ्या शेजारी."

"वजन घेऊन काय करू, जाऊबाई? मला नाचायचं होतं."

दुसऱ्या रात्री ती माळावर गेली नाही आणि बिळातही थांबली नाही. दोन्हींच्या मध्ये ओढ्याचे कोरडे पात्र होते. तिथे उतरून ती एकटीच नाचू लागली. एकटीचा आवाज तो केवढा! वर तो जेमतेम पोहोचत असे.

माळावर थोड्या रात्री शांततेत गेल्या. पण संशयाला आता सवय लागली होती, त्याला रोज कुणीतरी हवे होते. मुरार रिंगणाच्या तोंडाशी उभा राहून येणाऱ्याची पाठ निरखू लागला. नाचतानाही प्रत्येकाचा एक डोळा खाली, जमिनीवर असे. एका रात्री देवकी फार सुंदर नाचली आणि तिचा काटा गळला.

"अरे, मी तुझ्याएवढी आहे!" ती ओरडली. "एका बिळात जन्मलोय आपण!"

"म्हणजे इतके दिवस आम्हाला फसवलंस," मुरार म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा भरभक्कम नव्हता. देवकी गेली. पण ती जर म्हातारी, तर तिच्याच मोसमातले आपण कोण, या विचाराने मुरारला दुसऱ्या दिवशी झोप आली नाही.

त्यानंतर माळावरचा नाच बदलला. कोणी अंग झटकेना. मान डोलवायची, पाय जरासे सरकवायचे, एवढेच उरले. फुले मात्र पूर्वीपेक्षा जास्त खाल्ली जात आणि हसणेही मोठे झाले, कारण मजा येत नाही असे ज्याच्या तोंडावर दिसेल, संशय त्याच्यावर येई. आता तिथे कुणाचाच काटा गळत नसे. तरुणपण कसे टिकवले, याचा सगळ्यांना अभिमान वाटे.

मग एका रात्री ओढ्यातून आवाज आला. तो आता एकटीचा नव्हता. खाली किती जण जमले होते, आणि त्यांत बिळातले कोण आणि माळावरचे कोण, हे वरून कळत नव्हते. पण खुळखुळाट चांगला भरदार होता आणि त्याला ताल होता. मुरार रिंगणाच्या मध्ये उभा होता. तो ताल त्याच्या पाठीत शिरला. त्याने स्वतःला आवरले, पुन्हा आवरले, आणि मग त्याचे अंग त्याला न विचारता एकदा सणसणून झटकले गेले.

मागे काहीतरी पडल्याचा बारीक आवाज झाला. मुरारने वळून पाहिले नाही. त्याने मागचा पाय उचलला आणि त्यावर घट्ट रोवला. काटा तळव्यात रुतला. त्याने तोंड वेडेवाकडे होऊ दिले नाही, हसू तसेच ठेवले आणि कुणी पाहिले का हे बघायला सावकाश मान वर केली.

त्याच्याकडे कोणीही बघत नव्हते. रिंगणातली सगळी तरुण साळिंदरे आपापल्या जागी स्थिर उभी होती. खालून येणाऱ्या तालावर सगळ्यांच्या माना डोलत होत्या, सगळ्यांच्या तोंडावर हसू होते, आणि प्रत्येकाचा एक मागचा पाय जमिनीवर घट्ट दाबलेला होता.