काळ्या कुंडाचा पहिला घोट

घाटमाथ्यावरच्या कुंडवाडीत पाहुण्याने पाणी मागितलं की घरातली सर्वांत म्हातारी बाई आधी त्याच तांब्यातलं घोटभर पिते, तेही पाहुण्यादेखत. मग तांब्या पुढे येतो. शहरची माणसं नाक मुरडतात. "रागावू नका," म्हणत गावचे गुरव रावजीबाबा त्यांना वरच्या कुंडाकडे नेतात.

कुंडाचं पाणी काढ्यासारखं काळपट तांबूस. पिढ्यान्‌पिढ्यांचा पाला तळाशी कुजून राहिलाय, त्याचा हा रंग. पूर्वी मात्र ते देवीच्या शापाचं मानत, गुरांनाही पाजत नसत. एका दुष्काळात गावचा झरा आटला आणि गाव उठवायचं ठरलं, असं सांगतात. गाठोडी बांधून झाली. पण चिमाई म्हातारीचे पाय गेलेले. घरात ती आणि विधवा सून येसू, दोघीच. सासूला इथेच टाकून जायला येसू तयार होईना.

तिने माहेरून आणलेल्या निवळीच्या बिया काढल्या. देशावर गढूळ पाणी याच बिया घासून निवळवत. कुंडाचं पाणी भरून तिने घागरीत आतून बी घासली खरी, पण घाई नडली. गाळ बसायच्या आतच तिने सासूला पाणी पाजलं. चिमाई दिवसभर ओकली. "देवी कोपली," गाव म्हणालं. आपल्याच हाताने सासूला मारलं म्हणून येसू ऊर बडवू लागली.

म्हातारी मोठी खट. म्हणाली, "घाईचं पानी व्हतं त्ये. आता नीट कर. पयलं मीच पिनार. पिकलं पान मी, ग्येले तर ग्येले. जगले, तर गाव हलायचं न्हाई."

येसूने पुन्हा बी घासली. गाळ बसेपर्यंत चिमाई घागरीच्या तोंडावर पंजा ठेवून बसली, कुणाला धक्का लावू दिला नाही. मग वरचं पाणी वाळू-कोळशाच्या मडक्यातून थेंब थेंब गाळलं, उकळलं. काळेपणा गेला, जरा पिवळसर झाक उरली. तीन दिवस चिमाई तेच प्यायली आणि गाव गाठोड्यांवर बसून तिच्या तोंडाकडे बघत राहिलं, म्हणे. चौथ्या दिवशी तिने भाकरी मागितली. तेव्हा गाठोडी सुटली.

आजही रावजीबाबांच्या ओटीवर त्यांची नव्वदीची आई, गोजराआई, आधी घोट घेते. तांब्या मांडीवर धरून घोट पचेपर्यंत थांबते. मग तो पाहुण्यांपुढे करते.

"घ्या बाबांनो. हाय मी अजून."